शिळ्या पाण्याचा विटाळ

आमच्या घरात शिळा भात चालतो, शिळं वरण चालतं, कालची मासोळी तर आजच्यापेक्षा गोड लागते म्हणतात. शिळं चालत नाही ते फक्त पाणी. रात्र उलटली की माठातलं पाणी शिळं. सकाळी ते ओतायचं, माठ घासायचा आणि तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, विहिरीवरून ताजं आणायचं. सासूबाईंची एखाद्या दिवशी देवपूजा चुकेल, पण हे नाही.

ती विहीर म्हणजे गावाची शान. तिला कठडा नाही, त्यामुळे पावसाळ्यात म्हशी धुतलेलं पाणी आणि पाळीच्या आडोशाला डबा घेऊन बसणाऱ्यांचं सगळं कसं मनमोकळेपणानं आत येतं. अंगणात नळही आहे बरं. तोटी चकचकीत आहे, पाणी तेवढं यायचं राहिलंय. हापशीच्या पाण्यानं चहा काळा पडतो, म्हणून ते भांड्यांना. विहिरीचं पाणी मात्र गोड.

त्या पावसाळ्यात गावात हगवण लागली आणि नर्सबाई पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली देऊन गेल्या. मी चिमूरकडची, बारावी शिकलेली, म्हणजे सासरी दीडशहाणी. काम माझ्याकडेच आलं. रोज संध्याकाळी मी माठात थेंब टाकायचे, झाकण ठेवायचे आणि जंतू मेले म्हणून निवांत झोपायचे. सकाळी मी चूल पेटवेपर्यंत सासूबाईंनी ते पाणी दोडक्याच्या वेलाला घातलेलं असायचं. शिळं ना ते! असा आमचा दोडका साथीतून सुखरूप वाचला.

मग सकाळच्या पाण्यात थेंब टाकून पाहिले. चांगल्या पाण्याला दवाखान्याचा वास लावते म्हणून सासूबाईंनी बाटली आपल्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, तुम्ही दोघी पाहून घ्या. मासे धरणाऱ्या माणसानं पाण्याच्या भांडणात पडू नये, एवढी अक्कल त्याला होती.

माझा चार वर्षांचा मुलगा म्हणजे सासूबाईंचा जीव. विहिरीवरून आल्या की डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवून त्यातलं पहिलं पेलाभर पाणी त्याचं. बाकीच्यांनी नंतर प्यायचं. पोराला ताप आला, उतरेना, तेव्हा अहेरीच्या दवाखान्यात नेलं. टायफॉईड निघाला. एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं पाहून फार घाबरले मी.

डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता ते विचारलं. मी काही बोलायच्या आधी सासूबाईंनीच विहीर, रोजचं ओतणं-आणणं सगळं सांगितलं आणि उलट विचारलं, हे जंतू पाण्यात जगतात तरी किती दिवस? डॉक्टर म्हणाले, काही थोडे दिवस, काही थंड पाण्यात कित्येक आठवडे. नुसत्या ठेवलेल्या पाण्यात ते हळूहळू कमी होतात, पण त्याचा भरवसा नाही. औषध टाकलं तर अर्ध्या तासात मरतात. फक्त ते पाणी ओतून दुसरं आणलं, तर सगळं पहिल्यापासून सुरू.

सासूबाई पोराच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी रोज ताजे जंतूच पाजत होती त्याले."

पावसाळाभर साठवलेले टोमणे माझ्या जिभेवर होते. एकही बाहेर आला नाही.

पोरगा बरा होऊन घरी आला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पेटी उघडून बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी माठात थेंब टाकले. सकाळी उठून पाहते तर माठ भरलेला, झाकण तसंच. दोडक्याला हापशीचं पाणी मिळालं होतं.

पोरानं पाणी मागितलं. सासूबाईंनी सवयीनं पेला भरला, त्याच्यापर्यंत नेला आणि माझ्याकडे वळवला.

"तूच पाज त्याले. माह्या हातानं नको."

पोरगा आजीकडेच पाहत होता. मी पेला परत त्यांच्याच हातात दिला.