फौजीचं स्थळ

मुलीने गडहिंग्लजकडचा एक जवान पसंत केला होता. मी हिशेब मांडला. वर्षात तीन महिने रजा, म्हणजे नऊ महिने मुलगी एकटी. त्याला न पाहताच मी नकार कळवला.

मग सीमेवर लढाई पेटली. मी स्टेटस ठेवलं: ‘प्रत्येक जवान माझा मुलगा.’ ब्याऐंशी जणांनी ते पाहिलं, मुलीनेही.

“पप्पा, प्रत्येक कशाला? एकालाच जावई करा की!” ती म्हणाली. चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

मी त्याच्या वडिलांना होकार सांगितला.

“लई उशीर केलासा, पावणं. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्यात. पोरगं परत आलं की बघू,” ते म्हणाले.

आता आम्ही बापलेकी दिवसभर बातम्या लावून बसतो. मुलीपेक्षा मीच जास्त वेळा विचारतो, “फोन आला का गं?”