सर्व क्षेम

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीत संगणक आला आणि मी स्वतःला फार शहाणी समजू लागले. शाळांना पाठवायच्या पुस्तकांच्या याद्या काढायच्या होत्या. माझा मुख्य प्रोग्रॅम एकेका तालुक्याचं काम पाठीमागे सुरू करून द्यायचा, ती सगळी एकदम चालायची, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत उमटायचं : 'सर्व क्षेम'. आमचे 'हे' बोटीवर. त्यांना दर पंधरवड्याला पत्रात मी हेच लिहायची, त्यामुळे हाताला सवयच होती.

संगमेश्वरची यादी निघालीच नाही. एका शाळेचा पट चुकीचा भरलेला, त्यावर अडखळून ते काम मधेच मेलं, आणि पडद्यावर मात्र सर्व क्षेम! शाळा उघडून आठवडा झाला तरी पोरं पुस्तकांविना. मी यंत्राला शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी.

साहेब शांतपणे म्हणाले, "कामाला धाडलंस, ठीक. पण त्याचं पुढे काय झालं ते विचारलंस कुठे? तू थांबलीच नाहीस. थांब, प्रत्येकाचं ऐकून घे, चूक झाली असेल तर ती वर येऊ दे. मग लिही क्षेम."

ते मला फार लागलं.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. रोज मी चपला काढता काढता "आई, बऱ्या आहात ना?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत मोरीवर असायची. त्या दिवशी शेजारी बसले. निवडलेल्या तांदळात खडे तसेच होते.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गो."

मी उठले नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "उजव्या डोळ्यानं दिसत नाही. गेल्या गणपतीपासून. डावाही आता धूसर झालाय. तू दमून येतेस, म्हटलं सांगायचं कशाला!"

मला रडू आवरेना. इतके महिने मी पत्रांतून त्यांचं क्षेम कळवत होते.

मोतीबिंदू पुरता पिकला होता. डॉक्टरांनी मला झापलं, ते योग्यच होतं. ऑपरेशन झालं, आणि दीडेक महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. तो चढवून सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"किती वाळल्येस गो! मला बोलली नाहीस ती?"

"छे, कुठे काय," मी म्हणाले.

त्यांनी हात काढले नाहीत.