ट्रान्सपरन्सीची खरखरीत बाजू

जव्हारच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा ‘मला येतं’ म्हणणारा मी एकटाच होतो. नाशिकला तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यातले कितीतरी दिवस चुलतभावाच्या लग्नात गेले, हे कोणी विचारलं नाही.

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात ओएचपीवर, म्हणजे पडद्यावर मोठं करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, दाखवायला बारा ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्म, छापायच्या होत्या. पहिलीच फिल्म प्रिंटरमधून बाहेर आली आणि तिच्यावर शाई थेंबाथेंबांनी उभी राहिली. बोट लावलं तर ‘पोषण आहार’चं निळं डबकं झालं.

“हवा दमट आहे,” मी साहेबांना अधिकाराने सांगितलं. खिडक्या लावल्या. प्रिंटरचं शाईचं कार्ट्रिज कापसाने पुसून बोटं काळी केली. एक फिल्म पंख्याखाली वाळवली. दुसरी चहाच्या स्टोव्हवर धरली, ती पापडासारखी वळली. शेवटी एसटीडी बूथवरून दुकानदाराला फोन लावला.

“फिल्म उलटी तर नाही घातली?” त्याने विचारलं.

“मी कोर्स केलाय!” असं सुनावून मी फोन ठेवला.

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी सूर्यमाळची एक सेविका येऊन व्हरांड्यात बसली. सकाळच्या एसटीचा तिला भरवसा नव्हता. बिघडलेली एक फिल्म उचलून तिने दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला.

“सर, ही बाजू गुळगुळीत लागते, ती खरखरीत. तुम्ही गुळगुळीतवर छापताय. तेलाच्या डब्यावर चुना धरतो का?”

“ताई, ते मशीन आहे, तसं नसतं.”

ती पाणी प्यायला गेल्यावर मी गुपचूप फिल्म उलटी घातली. अक्षरं इतकी स्वच्छ उमटली की माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. सूर्यमाळची ती सेविका पहिल्याच रांगेत होती. खरं सांगायला तोंड उघडलं, पण “थँक्यू सर” एवढंच बाहेर पडलं.

जेवणाच्या सुटीत ती माझ्याकडे आली. म्हटलं, आता ही चारचौघांत तो विषय काढणार. तिने विचारलं, “मुलांच्या वजनाच्या तक्त्याची एक फिल्म मिळेल का? पाड्यावर न्यायची होती.”

“तिथे लाइट नसते ना?”

“उजेड असतो की.”

उन्हाळ्यात कामासाठी सूर्यमाळला गेलो. अंगणवाडीच्या दारात ती सेविका तक्त्याची फिल्म उन्हाकडे धरून उभी होती. कडेवर मुलं घेतलेल्या बाया तक्त्यावर बोट ठेवून आपल्या लेकराचं विचारत होत्या.

“हे या सरांनी छापलंय,” ती म्हणाली. बाया कौतुकाने बघू लागल्या. तेव्हा मात्र मला राहवेना.

“बाजू या ताईंनी शोधली. मी चार दिवस उलटंच छापत होतो.”

“चार?” ती म्हणाली. “मला वाटलं, एकच दिवस.”