चिमाजीच्या नावाचं मेंडोलिन

सोपानदादा मेंडोलिन ऐकायला बसत ते भिंतीकडे तोंड करून. वाद्य बघितलं की डोळा मध्येच बोलतो, असं ते म्हणत. मान जराशी डावीकडे कलवून ते बसून राहत. मागे कुणीतरी वाजवायचं. शेवटी एकच तार छेडायची आणि तिचा आवाज विझेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. मग ते निकाल देत. "डाग" किंवा "फोड". तिसरा शब्द नव्हता.

डाग म्हणजे खुंट्यांच्या पाटीमागे तापवलेल्या लोखंडी शिक्क्यानं नाव उमटवायचं. "चिमाजी, भोर." फोड म्हणजे फोडायचं.

चिमाजी सहासष्ट साली वारले. तरुणपणी ते मुंबईत एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात आठ वर्षं होते. परत आले आणि भोरला आमच्या वस्तीत त्यांनी सुतारकाम मांडलं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीनं गावात वाजवायला जाणं सोडलं होतं. हलग्या आढ्याला टांगल्या गेल्या. पण आपल्या सभांना, आपल्या लग्नांना गाणी हवीच होती. चिमाजींनी मेंडोलिन करायला घेतलं. पोटाला हिर्डोशीकडचं शिवणीचं लाकूड, तोंडाला खोक्यांमधलं देवदार. पोट बंद करण्याआधी आतल्या बाजूला ते शिसपेन्सिलीनं लाकूड कुठलं आणि साल कुठलं ते लिहीत. एकदा बंद झालं की ते कुणाला दिसत नसे.

सोपानदादा त्यांचंच मेंडोलिन गायन पार्टीत वाजवत. एकसष्ट साली भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ते महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. चिमाजी त्यांच्या दारात येऊन म्हणाले, "बोटं गेली. कान हाय का गेला?"

"कान हाय."

"मंग ऊठ."

तेव्हापासून ते ऐकायला बसू लागले. नापास वाद्य स्वस्तात द्यायचं नाही, फुकटही द्यायचं नाही, हा चिमाजींचा दंडक. ते कुणाच्या तरी हातात जाणार आणि चार लोकांत बेसूर होणार. मग लोक म्हणणार, ह्यांचं असंच असायचं. म्हणून फोडायचं. करणाऱ्याचा हात कचरतो, म्हणून ऐकणाऱ्यानं फोडायचं.

चिमाजी गेल्यावर त्यांचा मुलगा रायबा मेंडोलिनं करू लागला. शिक्का सोपानदादांकडे राहिला. सात वर्षांत रायबानं सव्वीस केली. सोपानदादांनी नऊ डागली, सतरा फोडली.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये मी नुकताच बी.ए. होऊन पुण्याहून परत आलो होतो. मला मेंडोलिन सोपानदादांनीच शिकवलं, तोंडानं गुणगुणून. जयंतीच्या आधी वाद्यं तपासायची होती आणि नेहमी वाजवणारा जगन तापानं पडला होता. दादांनी मला बोलावलं. रायबाच्या पडवीत चार मेंडोलिनं चादरीखाली ठेवलेली होती.

मी पहिलं उचललं.

"बीये, दमानं," दादा भिंतीकडे बघत म्हणाले. "तार म्हंजे म्हैस न्हाई, हाकत न्ह्यायला."

रायबा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

पहिलं फोडलं गेलं, रायबाचं अठरावं. दुसऱ्याला "डाग" मिळाला. रायबा शिक्का विस्तवात ठेवून आला आणि तिसरं त्यानं स्वतः चादरीखालून काढून माझ्या हातात दिलं. ते इतरांपेक्षा काळपट होतं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी वाजवलं. शेवटची तार छेडली.

दादांनी मान आणखी कलवली. मग म्हणाले, "परत."

परत वाजवलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाजवलं. त्यांनी मान हलवली. "कोंडलंय. कुनी तोंड दाबून धरल्यावानी. फोड."

"काका, नीट ऐकलं न्हवं?" रायबानं विचारलं.

"तीनदा ऐकलं. तुझ्या म्होरंच ऐकलं."

"कुनी बी केलं आसलं तरी फोडायचं?"

"कुनी म्हंजे? शेजारनं उसनं आणलंस व्हय?"

रायबानं माझ्या हातून वाद्य काढून घेतलं. दादा उठले आणि वाद्य घ्यायला त्यांनी हात पुढे केला. क्षणभर रायबानं ते सोडलं नाही. मग सोडलं. हे नेहमीचंच, असं मला वाटलं. आपण केलेली वस्तू कुणाच्या हातून सुटते?

दादांनी ते उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. दुसऱ्या तडाख्याला पोट अख्खं निघून आलं.

रायबाची आई ठकुबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी तुकडे पाहिले आणि तिथंच खाली बसल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते ह्यांचं हुतं."

दादांनी निघालेलं पोट उचललं आणि उलटं केलं. त्यांना अक्षरं लावून वाचावं लागे. त्यांनी लावून वाचलं. शिवण. हिर्डोशी. सन १९६५.

ठकुबाई हळूहळू सांगू लागल्या. आजारी पडायच्या आधी चिमाजींनी ते पुरं केलं होतं. तारा लावल्या नव्हत्या. चुलीवरच्या माळ्यावर स्वतःच ठेवलं होतं. डागा म्हणाले नाहीत, फोडा म्हणाले नाहीत. मागे ठकुबाईंनीही त्याला हात लावला नव्हता. दोन दिवसांपूर्वी रायबानं ते उतरवलं आणि त्याला तारा लावल्या.

"मला वाटलं, तुमी वळखाल," रायबा म्हणाला. "वळखलं आसतं ना काका, तर माझी अठरा फोडल्याली म्या सोसली आसती."

"आन वळखलं न्हाई तवा? तवा का गप ऱ्हायलास?"

"वाटलं, आता थांबाल. तुमी हात उचलला तवा बी वाटलं."

दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. ऐकायला काहीच नव्हतं. चौथं मेंडोलिन चादरीखालीच राहिलं. विस्तवातला शिक्का कुणी काढून दादांच्या हाती दिला ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मी तीन गोष्टी सांगितल्या. सात वर्षं धूर खाऊन लाकूड बदललं असेल. किंवा चिमाजींनाच ते पसंत नसेल, पण शेवटचं म्हणून फोडवलं नसेल. किंवा माझा हात कच्चा, मीच वाईट वाजवलं असेल. तिन्ही मला खऱ्या वाटत होत्या. आजही वाटतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चिमाजी वाईट लाकूड बंद करायचा न्हाई," ते म्हणाले.

मग म्हणाले, "मंग रायबाची अठरा. त्यातली चांगली किती आसतील, बीये?"

पुण्यात मी तीन वर्षं साहित्य शिकलो होतो. चांगलं काय आणि वाईट काय, यावर पानंच्या पानं लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का रायबाच्या उंबऱ्यावर होता. सोपानदादा पहिल्या एसटीनं हिर्डोशीला बहिणीकडे निघून गेले होते. त्यांना बायकोमुलं नव्हती. भोरमध्ये त्यांचं जे काही होतं, ते त्या पडवीत होतं.

रायबा प्रत्येक मेंडोलिन डागू लागला. पहिलं वर्ष तो खुशीत होता. लोक चिमाजींचं नाव पाहून घेत. मग वेल्ह्याच्या गायन पार्टीनं दोन परत आणून दिली. एकाची मान वाकली होती. दुसरं भर सभेत सुरात लागेचना. पार्टीचा म्होरक्या कोंडिबा ठकुबाईंच्या समोर म्हणाला, "चिमाजीचं नाव बघून घेतली हुती, बाई. आता नाव बघून घेत न्हाई."

रायबा माझ्याकडे आला. त्याच्या कुशीत नवं मेंडोलिन होतं, न डागलेलं.

"मला कळंना झालंय," तो म्हणाला. "वाजवलं का समदी सारखीच लागत्यात. काकांना म्हनावं, पाह्यजे तर समदी फोडा. पन येऊन बसा."

पंच्याहत्तरच्या डिसेंबरात मी हिर्डोशीला गेलो. एसटीनं उतरवल्यावर तासभर चाललो. दादा अंगणात बसून सुपात नाचणी निवडत होते. दाढी वाढली होती. त्यांच्या बहिणीनं, आक्काबाईनं, मला पाणी दिलं.

"बोल बाबा त्याच्यासंगं," ती म्हणाली. "आमच्यासंगं तर बोलतच न्हाई. शेरडं तरी वरडत्यात."

"नोकरी लागली का, बीये?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मंग माझ्यात आन तुझ्यात काय फरक? तुझी दोन बोटं जास्त."

आक्काबाई हसली. मीही हसलो. मग मी रायबाचा निरोप सांगितला. वेल्ह्याचं सांगितलं. कोंडिबा काय म्हणाला तेही सांगितलं. ते खाली बघून खडे वेचत होते. मी पिशवीतून मेंडोलिन काढलं.

त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

"अजून वाजवलं नाही, दादा."

"चांगलं हाय. रायबाला सांग, समदी चांगली हायेत."

मी वाजवलं. शेवटची तार छेडली. आवाज लगेच पडला. एवढं मलाही कळत होतं. दादांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"हे वाईट आहे, दादा," मी म्हणालो. "मला कळतंय."

"आसंल."

"मग तुम्हीच सांगा. फोडू का?"

त्यांनी पहिल्यांदाच सूप खाली ठेवलं. "तुला कळतंय न्हवं? मंग तू फोड. त्यो दगड हाय बघ."

दगड अंगणाच्या कडेला होता. आक्काबाई माझ्याकडे बघत होती. मी मेंडोलिनची मान धरून उभा राहिलो. तार वाईट होती की लाकूड वाईट होतं? की माझाच हात? मी पुन्हा एकदा तार छेडली. या वेळी आवाज जरा जास्त टिकल्यासारखा वाटला. मी तिसऱ्यांदा छेडली नाही.

दादांनी सूप परत मांडीवर घेतलं.

शेवटची गाडी चुकेल म्हणून मी निघालो. अंधार पडायच्या आत भोरला पोचलो. रायबा स्टँडवर थांबला होता.

"काय म्हनले काका?"

"चांगलं आहे म्हणाले."

"ऐकून म्हनले?"

मी हो म्हणालो.

त्या आठवड्यात रायबानं ते डागलं. नसरापूरच्या एका पार्टीनं ते नेलं.