बॅगा किती, गुडघे किती

“बॅगा किती आणि गुडघे किती?” स्वित्झर्लंडला निघालेल्या कुणालाही काका पहिला प्रश्न हाच विचारायचे. गुडघे म्हणजे दुखणारे गुडघे.

सिंगापूरमध्ये, टॅम्पिनीसला, ते आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी खालच्या दगडी टेबलाशी वही घेऊन बसायचे. आपल्यातलं कुणी स्विस सहलीला निघालं की कुठे ट्रेन, कुठे बस, कुठे बोट, सगळं काकांकडून लिहून आणायचं, असा रिवाजच पडला होता. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, आपल्या सहलीची आपल्याहून जास्त काळजी करणारा.

गाडी बदलायला पंचवीस मिनिटांपेक्षा कमी वेळ त्यांना चालत नसे. ॲप तर सात मिनिटं दाखवतं, असं म्हटलं की म्हणायचे, “ॲपला गुडघे नाहीत.”

माझी आई पुण्याहून येणार होती. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण एकदा बर्फाचे डोंगर बघायचेच, हा हट्ट. मला भाड्याची कार घ्यायची होती.

“घाटात, तेही उजव्या बाजूने, गाडी चालवणार तू? मग आईकडे कधी बघणार? ट्रेनमध्ये तिच्या शेजारी बस.”

मी चिडले. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात दिवसभर पेशंटना तारखा देऊन आलेली, त्यात हा उपदेश. म्हटलं, “काका, दर स्टेशनवर पंचवीस मिनिटं करायचं काय?”

काकू चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्या हसल्या. “अगं, मला तिथे विसरून गेले होते हे. सहा मिनिटांत गाडी बदलायची म्हणून बॅगा घेऊन पुढे पळाले, चढले, आणि दार बंद. मी मागे, गुडघा धरून. तासभर बाकावर बसून होते.”

“पन्नास मिनिटं,” काका म्हणाले. चहाला हात लावला नाही. मग माझ्या कागदावर, गाडी बदलायची तिथे तिथे, लिहीत गेले : दोघी बरोबर चाला. बाकावर बसा.

आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी काका गेले. दोन दिवसांचं आजारपण. मला सख्खं कुणी गेल्यासारखं रडू आलं. सहल रद्द करते म्हटलं, तर काकूंनीच दटावलं.

तिसऱ्या दिवशी एका लहानशा स्टेशनवर उतरलो. पुढची गाडी पंचवीस मिनिटांनी होती, पण तिच्या आधीची अजून समोर उभी होती. सवयच आपली, मी बॅगा उचलल्या आणि धावले. एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे पाहिलं. आई पार टोकाला, कठडा धरून उभी. हाकही मारत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

मी खाली उतरले. गाडी गेली. दोघी हळूहळू बाकापर्यंत चालत गेलो. आईने पर्समधून डिंकाचा लाडू काढला आणि अर्धा मला दिला. समोर तिचे डोंगर होते.

मी काकूंना मेसेज केला, “काकू, आम्ही बाकावर बसलोय.”

लगेच उत्तर आलं. “दोघी ना? सांगते ह्यांना.”