न विचारता घेतलेला होकार

योगिताचे वडील भिकन खानदेशातून सुरतेला आले आणि जन्मभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात राहून कानाने अधू झाले. त्यामुळे सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलत. योगिताचा आवाज मात्र कधी चढत नसे. तिला राग आला की ती गप्प व्हायची.

शिकून ती प्रोग्रॅमर झाली. एका छोट्या कंपनीत तिने साडीचं डिझाइन लूमला समजेल अशा फाइलीत बदलून देणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याला बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली की काम व्हायचं. पहिल्यांदा चालवला की तो लायसन्सच्या अटी दाखवायचा आणि माणसाने स्वतः ‘हो’ टाइप केल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. ज्यांच्याकडे प्रोग्रॅम आपोआप चालायचा, कॉम्प्युटरसमोर माणूस नसायचा, त्यांना आज्ञेतच आधी ‘मान्य’ लिहून ठेवता येई. ती सोय योगितानेच दिली होती.

एका सकाळी रुपाली ऑफिसात आली. सुरतेतच गोडादऱ्याला राहून घरबसल्या साड्यांच्या काठांची डिझाइनं काढणारी, हाच प्रोग्रॅम वापरणारी बाई. तिने मोबाइल टेबलावर आपटला.

“हा कपाशीच्या बोंडांचा काठ माझा आहे. तुम्ही विकता त्या डिझाइनांच्या कॅटलॉगमध्ये कसा आला?”

मालक छगनभाई जागचे हललेही नाहीत. “बेन, लायसन्समध्ये लिहिलंय. प्रोग्रॅममधून गेलेलं डिझाइन कंपनी वापरू शकते. तुम्ही हो म्हटलंय.”

“मी? मला कुणी विचारलंच नाही!”

योगिताने कॉम्प्युटर उघडून पाहिलं. अटींमध्ये नवं कलम घुसवलं होतं. प्रोग्रॅम इन्स्टॉल होतानाच ‘मान्य’ लिहिलं जावं, अशी ओळही घातली होती. ग्राहकाला काही दिसतच नव्हतं.

“हे कुणी केलं?”

“मी करवून घेतलं,” छगनभाई म्हणाले. “लोक तिथे अडकतात, फोन करतात. आणि ते कोण वांचे छे?”

“वाचो नाहीतर न वाचो, होकार त्यांचा आहे! मी सोय दिली ती त्यांच्यासाठी. तुम्ही तिच्या आडून चोरी केलीत!” योगिता अशी कडाडली की बाहेर चहा देणारा माणूस दारातच थबकला. “ही ओळ मी आत्ता काढतेय. सगळ्यांना पुन्हा विचारणार. नवं कलम सगळ्यात वर दिसेल.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत.”

पण जाण्याआधी तिने नवी आवृत्ती पाठवली. दुपारपर्यंत फोन खणखणू लागले. बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं होतं. काही कारखानदार तर थेट ऑफिसात येऊन आपली डिझाइनं शोधू लागले. आठवडा संपायच्या आत कॅटलॉग मागे घ्यावा लागला. रुपालीची माफी मात्र कुणी मागितली नाही.

योगिता आता सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये काम करते. आई उषाबाई समजूत घालते, “जाऊ दे माय, तुले चांगली नोकरी भेटनी ना?”

“नोकरीचं नाही गं आई,” ती म्हणते. “ती बाई समोर उभी राहून नाही म्हणत होती, आणि तो तिलाच सांगत होता की तू हो म्हटलंस.”

एवढं बोलून ती उठते आणि भांडी इतक्या जोरात घासायला घेते की भिकनलाही ऐकू जातं.