दुसऱ्या ट्रेचा वास

चाळीस वर्षं मी आमच्या ह्यांच्या डार्करूमच्या नावानं खडे फोडलेत. घरात खोल्या तीन, त्यातली एक ही सवत अडवून बसलेली. खिडकीला काळा रंग, आत एक लाल दिवा. थकले बाई मी. यावेळी हेच म्हणाले होते, "एवढी ऑर्डर निघू दे. बिघडली तर कुलूप लावतो नि किल्ली तुझ्या हातात." मी मनात म्हटलं, बिघडू दे एकदाची.

ऑर्डर शाळेच्या मोठ्या बाईंची. त्यांच्या वडिलांची एकच निगेटिव्ह उरलेली, आणि चार भावंडांना चार फोटो हवे होते. ह्यांच्याकडे त्या जुन्या कागदाची दहाच पानं होती, तसला कागद आता मिळत नाही. त्यातली सहा गेली. प्रत्येक फोटोवर पिवळट-तपकिरी डाग, तेही नेमके वडिलांच्या कपाळावर.

मग ह्यांनी पाणी बदललं, चिमटे घासले, फोटो पक्का करायचं औषध नवं केलं. शेवटी गाडी माझ्यावर घसरली. "टॉवेलला साबण राहतो तुझ्या!"

"हो, आणि नळाला पाणीही माझ्यामुळेच येत नाही!"

या भांडणाच्या नादात माझी भाजी करपली. घरभर जळकट वास. हे डार्करूममधून बाहेर आले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "वा, काय वास सुटलाय!"

मला वाटलं, टोमणा मारताहेत. तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

मी तशीच आत गेले, हे मागोमाग. तीन ट्रे मांडलेले. पहिल्यात फोटो उमटतो, दुसऱ्यातल्या आंबट पाण्यात उमटायचा थांबतो, तिसऱ्यात पक्का होतो. त्या आंबट पाण्याचा दर्प एरवी दारातच नाकात शिरायचा. ह्यांनी त्याला माप कधी लावलंच नाही, नाक झिणझिणेपर्यंत ओतायचं, एवढंच. मी दुसऱ्या ट्रेवर वाकले. साधं नळाचं पाणी वाटावं, वास म्हणून नाही. असल्या पाण्यात उमटणं थांबणार कसं, डाग पडणारच.

गप्प बसले असते, तर संध्याकाळी किल्ली माझी होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर बसलेही.

"अहो, तुम्हाला वास येत नाही का?"

हे चिमट्याशी चाळा करत राहिले. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! मग रोजचं ते वा, वा?"

"कढईचा आवाज आला की म्हणायचो."

मला राग असा आला, की दोन धपाटे घालावेत. मी म्हटलं, "मग माप लावायचं ना!"

"कुठलं माप? कधी मोजलं असेल तर ना! दोन वर्षं हाताच्या अंदाजानं ओततोय, यावेळी अंदाज चुकला."

मी पदर खोचला. "ओता. मी सांगते कधी थांबायचं."

हे ओतत गेले, मी वाकून हुंगत राहिले. "आणखी. आणखी थोडं." एकदम नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं. "बस!"

बिघडलेल्या फोटोंनी तिसरं औषधही नासलं होतं, तेही पुन्हा नवं केलं. दुपारपर्यंत चारही फोटो निघाले, चारही स्वच्छ. मोठ्या बाई येऊन घेऊन गेल्या. किल्लीचा विषय ह्यांनी काढला नाही, मीही नाही.

मग मी नवी भाजी टाकली. कढईत ती चुरचुरली, तसं ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं आणि ओशाळून मिटलं.

"म्हणा की," मी म्हटलं. "मला सवय झालीय."